हजर म्हणायचं नाही

हजेरीला कुणी "हजर" म्हटलं की भोये सर भडकायचे. "हजर तर बाकंपण आहेत! मत सांग." मग उभं राहून गावातल्या एखाद्या गोष्टीवर बोलायचं. उधव्याहून एसटीने येणारी मी पहिल्या दिवशी कशीबशी म्हणाले, "आमच्या पाड्यावरचा हातपंप बंद आहे."

"कुणामुळे?"

मी शेजारणीकडे बघितलं.

"ते शोधायचं. त्यालाच राज्यशास्त्र म्हणतात. बस."

डहाणूच्या त्या कॉलेजात सर तासिकेवर होते. दर जूनला मुलाखत नवी, कायम होण्याची आशा तेवढी जुनी. बाकीची पोरं आम्हाला हिणवायची, "राज्यशास्त्र घेऊन काय करणार, सतरंज्या उचलणार?" सर म्हणायचे, "ग्रामसभेत हात वर करायला शिकलात तरी मी भरून पावलो."

हे त्यांनी वर्गापुरतंच ठेवायला हवं होतं, असं मला आजही रागाने वाटतं. सायवनजवळच्या त्यांच्या पाड्यावर डोंगर फोडून खडी काढायचं घाटत होतं. सर ग्रामसभेत उभे राहिले, पाड्याने हात वर केले, नकाराचा ठराव झाला. आणि खडीवाला कोण? आमच्या संस्थेचे अध्यक्ष! त्यांनी सरांना बोलावून घेतलं. "सर, शिकवायचं ते वर्गात शिकवा ना."

"साहेब, परीक्षेत दहा मार्कांना येतं हे." सरांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं.

जूनमध्ये त्यांना मुलाखतीलाच बोलावलं नाही. जागेवर अध्यक्षांचा भाचा आला. मेल्याने वर्षभर पुस्तक वाचून दाखवलं. सर चारोटीला मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसू लागले.

मी बीए होऊन पोलिसात लागले. घरात दुसरं कमावणारं कोण होतं? पेढे घेऊन दुकानात गेले तर सरांचे डोळे भरले. "कायदा आपल्या माणसाच्या हाती आला गं!"

दोन हजार एकोणीसला त्याच डोंगरासाठी पुन्हा सभा लावली. या वेळी टेम्पो भरभरून बाहेरची माणसं आणलेली, आणि बंदोबस्ताला आम्ही. सर उठले, "बाहेरच्यांना इथे मत नाही!" म्हणाले. आमच्या साहेबांनी मला खुणावलं, त्याला खाली बसव.

मी सरांचा दंड धरला. काय करणार, नोकरी! त्यांनी हात झटकला नाही. माझ्या वर्दीवरची नावाची पट्टी त्यांनी मोठ्याने वाचली, वर्गात हजेरीला वाचायचे तशीच. "कमल धोदडे."

आणि थांबले. सगळी सभा माझ्याकडे बघत होती.

"हजर," शेवटी सरच म्हणाले आणि खाली बसले.