प्रसादातलं केळं

"काय खाल्लंस, ते आधी सांग," हे आमच्या अंधेरीच्या डॉक्टरबाईंचं पहिलं वाक्य. ताप असो की पाय मुरगळलेला असो, हा प्रश्न चुकायचा नाही. असे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. आमच्या बाई उत्तर संपेपर्यंत नाडीला हात लावत नसत.

ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या एका कारखान्यात होतो. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तर मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत भलतीच गाठ दिसली. खडा राहिला बाजूला. आईने लगेच सत्यनारायण घालायचं ठरवलं.

बाई शांत होत्या. गाठ लहान आहे, पण ती अंगात काही जास्तीचं सोडते का ते बघू, म्हणाल्या. सोडत असेल तर ऑपरेशन, नाहीतर नुसती नजर ठेवायची. त्यासाठी पूर्ण दिवसाची लघवी कॅनमध्ये जमवायची आणि त्याआधी काही दिवस केळं, कॉफी बंद, नाहीतर रिपोर्टात आकडा उगाच वाढलेला दिसतो.

रिपोर्ट वाढलेला आला. सर्जननी ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

बाईंनी रिपोर्ट वाचला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. केळ्याला शिवलोसुद्धा नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

"घरी काही कार्य होतं?"

"सत्यनारायण. या गाठीसाठीच."

"शिरा खाल्लास?"

"बाई, तो प्रसाद होता."

"आणि त्यात केळं नव्हतं?"

खरं सांगतो, प्रसादातलं केळं हेही केळंच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. प्रसादाला नाही कसं म्हणणार, एवढंच म्हणाल्या. सर्जनना फोन करून थांबवलं आणि कॅन पुन्हा माझ्या हातात दिला. या खेपेला रिपोर्ट चांगला आला. घरी येऊन मी रडलो.

पुढे गाठ आणि मी एकत्र नांदलो. बाई अधूनमधून रक्तदाब बघत, पुन्हा सोनोग्राफी करायला लावत. गाठ होती तेवढीच राहिली. आईने पूजा दरवर्षीची करून टाकली. बाई न चुकता येत आणि "मला कुठे तपासणी आहे," म्हणत शिरा दुसऱ्यांदा मागून घेत.

त्या गेल्या त्या वर्षीही पूजा झाली. बायकोने सवयीने एक द्रोण जास्त भरला, दाराकडे पाहिलं आणि माझ्या हातात दिला. मी तो संपवला. काय खाल्लंस, असं विचारणारं आता कुणी नव्हतं.