दोन्ही हात वर

सायकलचं हँडल वाकडं झालंय असं ठरवून मी डीमन या डच गावातल्या आमच्या इमारतीखाली पाना घेऊन बसलो होतो. सायकल सारखी एका बाजूला ओढत होती. पाना हातातून पडला. उचलला, पुन्हा पडला. त्याला शिवी दिली तर तीही निम्मीच बाहेर आली. कचरा टाकायला खाली आलेली बायको माझ्याकडे बघतच राहिली.

"हँडल सरळ आहे," ती म्हणाली. "तुझं तोंड वाकडं झालंय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी नेहमीच्या टोमण्यांत जमा केलं. तिने तोवर अँब्युलन्सला फोन लावलाही होता.

माझ्या मानेतली, मेंदूला रक्त नेणारी डावी धमनी आतून चरबी साचून पार अरुंद झाली होती. तिथून निघालेली एक गुठळी वर जाऊन अडकली आणि उजवा हात गेला. औषधं लगेच मिळाल्यामुळे संध्याकाळी तो परतही आला. मी बोटं नाचवून सगळ्यांना दाखवली. डॉक्टरबाई मात्र फारशा खूश दिसल्या नाहीत.

"पहिले काही दिवस नाजूक असतात," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "वाट अजून अरुंदच आहे. रक्तदाब जरा उतरला तरी वर रक्त कमी पडेल. त्यामुळे आडवेच राहा. हात जड वाटला, शब्द अडला, तर ताबडतोब सांगा. तब्येत स्थिर राहिली तर लवकर घरी सोडू."

यातलं मी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. पुण्यात आमच्या घरी, पाहुणा असो की डॉक्टर, 'कसं काय?'ला 'उत्तम' हे एकच उत्तर देण्याची पद्धत. वडील एकशे तीन तापातही 'उत्तम' म्हणायचे. स्थिर म्हणजे तक्रार न करणे, असा मी सोयीस्कर अर्थ लावला.

सकाळी, बावन्नाव्या वर्षी पडून दात घासणार नाही म्हणजे नाही, म्हणून मी उठून बसलो. ब्रश अर्ध्यात आला आणि हात जड झाला. आडवा झालो. म्हटलं, जाईल जडपणा. तेवढ्यात उंचच उंच नर्सबाई तपासणीला आल्या. डोळे मिटा, दोन्ही हात वर करा आणि धरून ठेवा. उजवा हात एकट्याने वर राहणार नाही हे मला कळत होतं. मी डाव्याने त्याला पकडलं, तळव्याला तळवा लावला आणि दोघांनाही कपाळाशी नेलं.

"नमस्ते," मी म्हणालो. आणि "उत्तम."

बाई हरखल्या. त्यांनीही हात जोडले. आजाराला कसं गुंडाळलं, या आनंदात मी डोळे उघडले तर दारात बायको, हातात उपम्याचा डबा.

"हा नमस्कार कुणाला?"

"यांना. आपली संस्कृती..."

"माझ्या आईला लांबून मान हलवतोस तू. हात सोड."

"अगं, पण..."

"सोड म्हणते ना!"

सोडले. डावा वर राहिला. उजवा ओल्या टॉवेलसारखा चादरीवर पडला.

नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली आणि आता पाळणाघरात डच पोरांना दटावणारी माझी बायको डचमध्ये जे बोलली त्यातलं मला काही कळलं नाही, पण नर्सबाई पळाल्या. पलंगाचं डोकं खाली गेलं, सलाईन लागलं, पुन्हा स्कॅन झाला. हात यावेळी परत येणार का, हे डॉक्टरबाईही सांगेनात. दोन दिवस तो माझ्या शेजारी परक्यासारखा पडून होता. मग मान उघडून धमनी साफ केली.

हात परत आला, पण रुसून. करंगळी अजून ऐकत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, घरातली सायकल बरी. मी म्हणतो, भिंतीकडे बघत पेडल मारायला मी काय उंदीर आहे? मुलगी "बाबा, सीरियसली?" म्हणते. मी रोज कालव्याकडेने सायकल नेतो, वाऱ्याच्या विरुद्ध, चालण्याच्या वेगाने. मला मागे टाकणाऱ्या आजीबाईंना मी घंटी वाजवतो. करंगळी ऐकेल, नाहीतर तिच्याशिवाय चालवेन. पण हात जड झाला तर ओरडेन, अख्ख्या डीमनला ऐकू जाईल असा.

घरी आलो त्या सकाळी कपाटातल्या देवघरापुढे उभा राहिलो आणि हात जोडायला गेलो. मागून बायको म्हणाली, "आधी एकेक वर करून दाखव. मग जोड."