गोणपाटावरचं गुलाबी इंजिन

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि जे दिसतं तेवढंच रिपोर्टमध्ये लिहायचं, ही माझी नोकरी आणि हाच माझा स्वभाव. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचत असते आणि खरं सांगू का, निम्मे अनुभव वाचून मनात 'काहीही हं' म्हणून पुढे गेलेय. पांढरी साडी, उलटे पाय... जाऊ दे. माझ्याकडे असलं काही नाही. माझ्याकडे होडीचं इंजिन आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी मूळची डोंबिवली ईस्टची, आमचं गाव चिपळूणकडे. लग्न करून गेले ते रेल्वे लाइनच्या पलीकडे, कोपरच्या खाडीकाठच्या आगरी घरात. रूपेश, माझा नवरा, माझ्याच कॉलेजातला. गाव आता नावालाच गाव आहे, तीन बाजूंनी टॉवर आलेत. चौथ्या बाजूला मात्र खाडी आहे आणि घाटावर अजून थोड्या होड्या बांधलेल्या दिसतात. त्यातली एक आमची. रूपेश रात्रपाळीला एका कंपनीची गाडी चालवतो आणि दिवसा भरती-ओहोटी बघून खाडीत जातो. कोळंबी, चिंबोऱ्या, नशीब जोरावर असेल तर एखादा जिताडा.

आता या इंजिनाविषयी. होडीच्या मागच्या फळीला ते दोन पकडींनी आवळून बसवतात. बसवायला सोपं, म्हणजे काढायलाही सोपं... आणि हीच सगळ्या घाटाची डोकेदुखी. होडी कोणी चोरत नाही, इंजिन चोरतात. कोणी साखळ्या घालतं, कोणी वेल्डिंग करून पिंजरा बसवतं, कोणी नुसतंच देवाचं नाव घेतं.

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, यातल्या कशावरच विश्वास नव्हता. आमच्या लग्नासाठी घराला गुलाबी ऑइलपेंट लावला होता, त्यातला उरलेला त्यांनी सरळ इंजिनाच्या डोक्यावर फासला. अख्ख्या खाडीत असलं इंजिन दुसरं नाही. मी म्हटलं, "बाबा, हे काय केलंत?" तर म्हणाले, "चोर इकाला गेला त लाजंल मेला!"

आणि एवढं करूनही ते इंजिन होडीवर ठेवायचे नाहीत. रोज संध्याकाळी सोडवून खांद्यावर टाकून घरी आणायचे. भरलेल्या सिलिंडरपेक्षा जड धूड, पण या माणसाने सत्तरी गाठेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. फाटकातूनच हाक यायची, "आयलो गं!" की सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आय म्हणतो, खाटेच्या पायथ्याशी गोणपाट अंथरायच्या. त्यावर इंजिन आडवं व्हायचं. मग बाबा शेजारी पाट घेऊन बसणार, जुन्या बनियनने इंजिन पुसणार, आय तांब्याभर पाणी आणून देणार आणि दोघं गप्पा मारणार. काय एवढं बोलायचे कोण जाणे. दिवसभर एकमेकांवर खेकसणारी माणसं, पण त्या गोणपाटाशेजारी बसली की आवाजच बदलायचा.

मला सुरुवातीला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू! बाहेरच्या खोलीत पेट्रोलचा वास. माहेरचे आले की मी आधी उदबत्ती लावायचे. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात चहाचा ट्रे घेऊन जाताना इंजिनाच्या खालच्या टोकाला पाण्यात फिरणारा जो पंखा असतो, त्यावर माझी नडगी आपटली, चांगली सोलवटली. मी तोंडातून ब्र काढला नाही, पण बाबांनी बघितलं. त्या दिवसापासून ते इंजिन ठेवताना पंखा न चुकता भिंतीकडे करायचे. रूपेश म्हणायचा, पेट्रोल गळेल, या अंगावर ठेवा. पण नाही. "सूनबाईच्या पायाला लागंल" एवढंच म्हणायचे.

ते बाबा गेल्या पावसाळ्यात गेले.

पावसात होडी बंद असते, इंजिन घरातच होतं. दुपारी त्यांच्या छातीत जळजळायला लागलं, घाम फुटला. रूपेशने रिक्षा बोलावली. आय पदर खोचून निघाली, तर बाबा दारातूनच म्हणाले, "तू थांब. दार फुगलंय, बाहेरून करी लागं नाय. इंजिन घरान हाय. मी आलूच." पावसाने दार खरंच फुगलं होतं, कडी बाहेरून बसत नव्हती. आणि त्याच महिन्यात शेजारच्या घाटावरून दोन इंजिनं गेली होती. आय थांबली. रिक्षा कळव्याच्या हॉस्पिटलपर्यंत पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

म्हणजे कळतंय ना तुम्हाला? एका इंजिनाची राखण करायला ती मागे राहिली आणि माणूस तेवढ्यात निघून गेलं. शेवटचं पाणीसुद्धा तिच्या हातचं नाही. आय रडली नाही. लोक आले, गेले, दिवस झाले, तरी डोळ्याला पाणी नाही. फक्त मधेच म्हणायची, "बोलला, आलूच." कोणाला म्हणून नाही, भिंतीकडे बघून.

पावसाळा संपला, रूपेश होडी घेऊन जायला लागला, इंजिन पुन्हा रोज घरी यायला लागलं. मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात तेव्हा जी काही धुगधुगी होती ती एवढीच होती. आय दिवसभर खाटेवर पडून असायची. भाकरीचा चतकोर खाल्ला तर खाल्ला. पण संध्याकाळ झाली की उठायची, गुडघे दाबत दाबत कोपऱ्यातलं गोणपाट घ्यायची आणि अंथरायची. रूपेशने इंजिन ठेवलं की त्याच्यावरून हात फिरवायची. पाट मात्र तिने माळ्यावर टाकायला लावला होता. डोळ्यांसमोर नको म्हणाली.

मला तेव्हा एकच धसका होता. हे इंजिन उद्या कोणी चोरलं, तर नवं घेता येईल कधीतरी. पण आय संध्याकाळी कशासाठी उठेल?

आणि नेमका रूपेश पडला. खड्ड्यात बाइक गेली, उजव्या हाताला प्लास्टर. शेजारचे काशिनाथभाऊ, त्यांची होडी आमच्या होडीला लागूनच असते, ते देवमाणूस. त्यांनी आमची होडी चालवली आणि रोज इंजिन घरी आणून दिलं. पण हे किती दिवस चालणार? लॅबमधल्या मुलाकडून मी ऑनलाइन एक जाड साखळी आणि कुलूप मागवलं. पकडीच्या दोन्ही दांड्यांतून साखळी ओवायची, फळीच्या भोकातून काढायची, कुलूप लावायचं. साखळी असेपर्यंत पकडी फिरतच नाहीत. मी स्वतः ओढून बघितलं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि गावात हळद निघाली. आमच्याकडची हळद ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको. लग्न राहिलं बाजूला, हळदीला अख्खं गाव मंडपात. डीजे, मटण, नाच. त्या दिवशी घाटावर माणूस नाही की कुत्रा नाही, सगळ्यांनीच इंजिनं होडीवर सोडली. काशिनाथभाऊ नवऱ्यामुलाचे मामा, पहाटेची फेरी करून, इंजिन होडीवरच ठेवून ते तडक मंडपात गेले; साखळी-कुलूप मी जाऊन लावलं.

संध्याकाळी आयने गोणपाट अंथरलं आणि दाराकडे बघत बसली.

"इंजिन नाय आनलं?"

"आय, आज ऱ्हाऊदे. साखली हाय, कुलूप हाय. कोन नाय नेत," रूपेश म्हणाला.

मी म्हटलं, "आय, गोणपाट उचलू का?" तर मानेनेच नको म्हणाली. दुखवट्याचं वर्ष, ती हळदीला येणार नव्हती. आम्हीही फक्त तोंड दाखवायला गेलो. परत आलो तेव्हा आयनेच कडी काढली. आत शिरताना माझा पाय त्या मोकळ्या गोणपाटात अडकला, मी धडपडले आणि 'काय कटकट आहे' असं पुटपुटलेसुद्धा. आय खाटेवर जाऊन आडवी झाली. आतून कडी मी स्वतःच्या हाताने लावली. कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, ती पर्स उशाशी.

सकाळी उठले, गॅसवर दूध ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत आले. कडी होती तशीच लागलेली. आणि गोणपाटावर इंजिन.

मला भीती-बिती काही वाटली नाही. मला आला राग! आत जाऊन रूपेशची चादर खेचली. "अरे अक्कल आहे का तुला? एका हाताने उचललंस का ते? प्लास्टर मोडून घ्यायचंय का परत?"

"काय उचललं?"

"इंजिन! बाहेर काय गणपती आणून बसवलाय का?"

तो डोळे चोळत बाहेर आला आणि इंजिनाकडे बघून तसाच उभा राहिला. माझ्याकडे बघतोय, इंजिनाकडे बघतोय. "मेघना, मी नाय आणलं," म्हणाला. चेहरा सरळ ठेवून खोटं बोलायला त्याला कधीच जमलेलं नाही. मी खाली वाकले. गुलाबी डोकं ओलं होतं, खालच्या अंगाला खाडीचा ताजा चिखल होता. आणि पंखा... पंखा भिंतीकडे होता.

काशिनाथभाऊ इंजिन आणायचे तेव्हा पंखा रोज खोलीत यायचा आणि मी रोज मुकाट्याने पाय वाचवत चालायचे. रूपेशचंही तेच. माझ्या नडगीची काळजी या घरात एकाच माणसाने केली होती. मी तिथेच फरशीवर बसले.

तेवढ्यात आय उठून बसली. तिने इंजिन बघितलं. दचकली नाही. खाटेवरून पाय खाली सोडले, पुढे सरकून त्या ओल्या गुलाबी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली,

"तो आयला. बोललेला आलूच, त आयला." मग शेजारच्या मोकळ्या फरशीकडे बघून, "ठेवलं न् गेला. जरा बसला पन नाय."

आणि रडली. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम. रूपेश तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला, आणि मी दोघांना धरून. दूध उतू गेलं ते तसंच गेलं.

बाहेर आरडाओरडा ऐकू आला तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो. रात्री घाटावर चोर येऊन गेले होते. काशिनाथभाऊंच्या होडीची मागची फळी करवतीने कापून इंजिन नेलं होतं. पलीकडच्या आणखी एका होडीचंही. मी किल्ली घेऊन रूपेशबरोबर घाटावर गेले. आमची फळी धड होती. साखळी फळीच्या भोकातून गेलेली, लोंबकळत असलेली, आणि कुलूप लागलेलं. मी किल्ली लावली तर सरळ उघडलं. ना ओरखडा, ना काही. त्या साखळीतून कुलूप न काढता इंजिन निघतं कसं, हे मी अजूनही मनातल्या मनात करून बघते. निघत नाही.

मग व्हायचं तेच झालं. लोक बोलायला लागले, सगळ्यांची गेली आणि यांचंच कसं घरी? पोलिसांनीही विचारलं, इंजिन कोणी आणलं? आता काय सांगायचं? रूपेशने प्लास्टर पुढे केलं. मी म्हटलं, साहेब, मला उचलून दाखवायला सांगा, जमिनीपासून वीतभर उचललं तर नाव बदलीन. शेवटी काशिनाथभाऊच पुढे झाले. ज्यांचं इंजिन गेलं होतं ते! म्हणाले, "यांच्या घरान मी रोज जातो, साहेब. ही पोरा तसली नाय." नंतर आमच्या घरी आले, इंजिनाकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त ते. चपला बाहेर काढून परत आत आले आणि इंजिनाच्या पाया पडले. त्यांच्या होडीला नवं इंजिन येईपर्यंत ते आमच्याच होडीवरून जायचे, प्लास्टर निघाल्यावर रूपेशही त्यांच्याबरोबर.

मी सगळ्या शक्यता तपासल्यात, सवयच आहे ती. कोणी मस्करी केली म्हणावं, तर आतली कडी? आयने उठून दार उघडलं म्हणावं, तर तिला स्वतःला पाण्याची कळशी उचलत नाही, आणि साखळीचं काय? आम्हा दोघांना झोपेत चालायची सवय आहे म्हणावं, तर प्लास्टरचा हात कोरडा, माझे पाय कोरडे. लॅबमध्ये असं झालं तर आम्ही सॅम्पल परत मागवतो. इथे कोणाकडे मागवू? खरं सांगायचं तर आता मी उत्तर शोधतही नाही.

त्या दिवशी आयने दुपारी एक अख्खी भाकरी खाल्ली. सुक्या बोंबलाची चटणी मागून घेतली आणि वर मला ऐकवलं की मीठ कमी आहे. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

रूपेशचा हात आता बरा आहे. इंजिन रोज संध्याकाळी घरी येतं, साखळी माळ्यावर गेली आणि माळ्यावरचा पाट मी खाली काढला. आयचे गुडघे फारच दुखत असले की गोणपाट मी अंथरते. शेजारी पाट मांडते, त्यावर जुनं बनियन ठेवते, तांब्या भरून ठेवते. पहिल्या दिवशी आयने विचारलं, "पाट कोनाला गं?"

मी म्हटलं, "आय, परत आले तर बसतील जरा."