बापूचा चमचा

बायांनो, आज दुपारी घडलं ते आजच लिहित्ये. वाचून झालं की कागद शेजारच्या घरी द्या.

माझा धाकटा भाऊ बापू सकाळच्या बोटीनं मुंबईहून आला. तिथल्या एका इस्पितळात तो एक्स-रेचा डॉक्टर आहे. आल्यापासून उजवा हात कोटाच्या खिशात. पानात भात आणि कुळथाची पिठी वाढली, तर ह्यानं डाव्या हातात चमचा घेतला.

विधवेला चेष्टा शोभत नाही म्हणतात, पण मी कुठली गप्प बसत्ये. म्हटलं, "काय हो साहेब, आमच्या भाताला बोट लावलंत तर विटाळ होईल?" सगळे हसले. मी चमचाच ओढून घेतला.

मग त्यानं उजवा हात बाहेर काढला. दोन बोटं अर्धीच होती. उरलेली काळी, भेगाळलेली.

"यंत्र नीट चालतंय का ते बघायला रोज सकाळी त्यापुढे हात धरतो, आक्का. हाडं स्पष्ट दिसली की रोग्याला आत घ्यायचं."

"पण स्वतःचाच हात?"

"शिकवलंच तसं. आमच्या गुरुजींचा हात मनगटापासून कापला, तेव्हा त्यांची जागा मला मिळाली."

"मग सोड की. इथे तापाची औषधं दे."

"इतकी वर्षं हेच शिकलो. आता डावा धरतो."

मी चमचा धुऊन त्याच्या डाव्या हातात दिला.

बायांनो, तुमचीही माणसं मुंबईहून खुशालीची पत्रं धाडतात. कुठल्या हातानं लिहितात, विचारलंत कधी?