मांडीवरची वही

नाटक शिकवणाऱ्या माणसाला आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आधी आपण काय करतो ते समजावून सांगावं लागतं. मी मराठी विभागात होते. नाट्यशास्त्राचा एक पेपर शिकवायचे आणि उरलेल्या तासांना व्याकरण. शिवाय स्पर्धेत उतरणाऱ्या मंडळ्यांच्या संहिता वाचून कुठे कापायचं, कुठलं पात्र उगाच बोलतंय, हे सांगायचे. इंग्रजीत या कामाला भारदस्त नाव आहे. आमच्याकडे ते पत्रिकेच्या तळाशी, मंडपवाल्याच्या जरा वर, 'विशेष सहकार्य' म्हणून छापतात.

माझ्या नावावर पुस्तक एकच. अमडापूरच्या पुढे एका गावात वर्षातून एकदा सोंगं निघतात. गावातलीच माणसं राजा, प्रधान, अस्वल, फौजदार होऊन पारासमोर खेळ करतात. त्या खेळात एक माणूस प्रेक्षकांकडे पाठ करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून असतो. मी त्याला 'पाठमोरा सूत्रधार' म्हटलं आणि त्याच्यावर पीएचडी केली. माझा सिद्धान्त असा, की तो प्रेक्षकांना नाकारून देवाकडे तोंड करतो, आणि खेळ कुठेही लिहिलेला नसल्यामुळे तो म्हणजे गावाची जिवंत स्मृती. हे मी इतक्या चर्चासत्रांत सांगितलं, की पुढेपुढे मलाही ते ऐकून भरून यायचं.

हे सगळं मला सांगणारा माणूसही एकच. मिरची-वांग्याचं शेत करणारे, उभी हयात त्या जागी पाठमोरे बसलेले एक गृहस्थ. मी त्यांना बाबा म्हणायचे, ते मला बाई. पंचवीस वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी एसटीने अमडापूरपर्यंत आणि पुढे जीपच्या मागच्या फळीवर लटकत त्यांच्याकडे जायचे. ते शेतातलं काम टाकून बसायचे. मी विचारायचे, ते सांगायचे. निदान माझी आठवण तशी होती.

मी निवृत्त झाल्यावर कॉलेजने पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. त्यानिमित्त कार्यक्रम. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह, ज्यावर माझं नाव प्राचार्यांच्या नावापेक्षा लहान होतं. भाषणं संपल्यावर भर दुपारी कॉलेजच्या मैदानात त्याच गावच्या पोरांनी सोंगं सादर केली. बाबा आता फार थकलेत. त्यांना मुद्दाम आणून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं होतं.

एक तरणा गडी येऊन पाठमोरा बसला. ताठ, हात जोडून, पुतळ्यासारखा. पुस्तकात मी लिहिलंय तसाच. राजा म्हणाला, "प्रधानजी, राज्याचा हालहवाल काय हाय?" प्रधानाने तोंड उघडलं आणि तो अडकला. त्याने पाठमोऱ्याकडे पाहिलं. पाठमोरा हलला नाही. प्रधान घामाघूम. माझ्या दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले पाहुणे कुजबुजले, "काय विलक्षण मौन आहे हे!" आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

इकडे बाबा खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी ओरडलेच, "अबे, सांग ना त्याले! कायले बसला बे तिथं?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. पोरांनी कसाबसा खेळ संपवला, टाळ्या पडल्या, आणि मी बाबांना विचारलं, "काय सांगायचं होतं त्याने?"

"प्रधानाचं बोलणं. दुसरं काय?"

"पण पाठमोरा तर बोलत नाही ना, बाबा."

"मोठ्यानं नाही बोलत. हळूच सांगते. पोट्ट्यायचं कधी पाठ राह्यते काय? वही मांडीवर घ्यायची अन् सांगत राह्यचं. लोकायले वही दिसू नये म्हून पाठ करून बसाचं."

मी म्हटलं, "कसली वही?"

"खेळाची. माह्या बापाच्या हातची व्हती."

म्हणजे माझा पाठमोरा सूत्रधार हा प्रॉम्प्टर होता. देवाकडे नाही, वहीकडे तोंड करून बसलेला. मला पहिल्यांदा जे वाटलं ते चांगलं नव्हतं, पण खरं होतं. या माणसाने मला फसवलं. त्याच्या ओट्यावर बसून त्याच्या घरचा चहा घेत मी माझं उभं आयुष्य त्याच्या शब्दावर रचलं, आणि तो समोर बसून खोटं बोलला.

"तुम्हीच सांगितलंत मला, काही लिहिलेलं नाही म्हणून."

"मी कुठं सांगतलं? तुमी म्हटलं, लिहेल तं काही नसंन ना बाबा? मी म्हटलं, हाव. येवढ्या दुरून येष्टीनं आलेल्या बाईले नाही कसं म्हणू?"

घरी येऊन मी जुन्या कॅसेट काढल्या. त्यांचं खोटं त्यांच्याच आवाजात पकडायचं होतं मला. टेपवर एक बाई बोलत होती. "बाबा, देवाकडे तोंड करायचं म्हणून पाठमोरं बसतात, असंच ना?" बाबांचा होकार: हाव. "आणि हे सगळं पिढ्यानपिढ्या तोंडी?" हाव. एका जागी बाबा स्वतःहून म्हणतात, "माह्या बापाले लिहाचा लई नाद व्हता..." आणि तिथे खट्ट आवाज येतो. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून मी टेप बंद केला होता. माझे मार्गदर्शक सांगायचे, लिखित काही निघालं तर तुमचा विषयच संपला. मी विषय संपू दिला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या संहितेतलं कुठलं पात्र उगाच बोलतंय ते दाखवत आले, आणि इथे ते मला ऐकू आलं नव्हतं.

तरी वही होती. वही मिळाली तर दुसऱ्या आवृत्तीत सगळं नीट मांडता आलं असतं. पुढच्याच आठवड्यात मी बाबांच्या गावी गेले.

"वही नाही आता," बाबा म्हणाले. "तुमचं पुस्तक आलं तवा पोरानं वाचून दाखोलं. त्याच्यात छापेल व्हतं का वही नाहीच म्हून. कॉलेजच्या बाईनं लिहेल. मंग ठिवून काय करू? रद्दीत देल्ली."

मी पिशवीतून कागद-पेन काढलं. मग म्हटलं, "बाबा, आठवेल तसं सांगा. मी उतरवून घेते."

"मले कुठं पाठ हाय? पाठ असतं तं वही कायले लागली असती?"

प्रस्तावना अजून पाठवायची आहे. प्राचार्यांचं म्हणणं, झालं गेलं ते तळटीपेत टाका, मॅडम, विमोचनाची पत्रिका छापून झालीय. मी एवढंच लिहिलंय, की या पुस्तकातली बाबांची उत्तरं माझी आहेत.

वही रद्दीत गेल्याचं कळलं त्या दिवशी मात्र, ओट्यावरून उठण्याआधी, मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि ठरवलं, की आज एकही प्रश्न विचारायचा नाही. ओट्यावर ऊन होतं. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मी गप्प. तेही गप्प. बऱ्याच वेळाने, मी काहीच विचारलं नसताना, ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हाव, बाई."