न बघता हलवलेली मान

मी वरोऱ्याच्या एका शाळेत खेळ शिकवते. अमेरिकन फुटबॉलच्या पंचाचं प्रशिक्षण घेतलं ते हौसेनं. पण ऊर्जानगरच्या मैदानावर पहिल्याच सामन्यात मला कडेच्या रेषेवर उभं केलं आणि हौस कुठल्या कुठे गेली. समोर हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी, पाठीशी हातभर अंतरावर ओरडणारे लोक.

काम तसं साधं. डाव सुरू होण्याआधी चेंडू जमिनीवर असतो आणि चढाई करणाऱ्यांनी त्याच्या पुढे उभं राहायचं नसतं. कडेच्या खेळाडूला चेंडू लांब पडतो, नेमका अंदाज येत नाही. म्हणून तो पंचाकडे बघून हात करतो. बरोबर असेल तर मी मान हलवायची, नसेल तर "मागे हो" म्हणायचं.

माझ्या बाजूचा खेळाडू कोरपन्याचा होता. प्रत्येक डावाला विचारायचा, सांगितलं की निमूट सरकायचा. उत्तरार्धात मागून कुणीतरी खेकसलं, "ओ मॅडम, पाहून राह्यल्या का झोपून राह्यल्या?" मी दचकून वळले. तेवढ्यात त्याचा हात वर गेलेला दिसला आणि मी न बघताच मान हलवली.

मग पाहिलं. तो चांगला पाऊलभर पुढे होता. तोंड उघडेपर्यंत डाव सुरू झाला. प्रशिक्षणातल्या सवयीनं माझा पिवळा रुमाल मैदानात पडला, म्हणजे चूक पकडल्याची खूण. तिकडे तो चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपार गेला होता, म्हणजे त्याच्या संघाला गुण.

रुमाल दिसताच हेल्मेट काढून तो माझ्याकडे आला. "मॅडम, मी विचारलं होतं. तुम्हीच तं हो म्हणलं!"

मुख्य पंच धावत आले. "काय झालं?"

"सांगितलं होतं, ऐकलं नाही," एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. शब्द ओठांवर आलेही. पण मी त्या खेळाडूकडे बघितलं. "सर, मी न बघता हो म्हटलं," कसंबसं बोलले.

त्यांनी रुमाल उचलून माझ्या हातात दिला. "आपल्या चुकीची शिक्षा त्याले नाई." गुण कायम राहिले.

मग दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक माझ्यासमोर उभे ठाकले. "आन् आमी काय पाप केलं?" त्याच गुणांनी ते हरले. सामना संपेपर्यंत त्यांची माणसं माझ्या पाठीमागे ओरडत होती, आणि मला मागे वळायची हिंमत झाली नाही. सोबतच्या पंचांनी मला बसपर्यंत पोचवलं.

त्यानंतरही मी रेषेवर उभी राहिले. भीती गेली नाही. आता सामन्याआधी दोन्ही संघांच्या कडेच्या खेळाडूंना गाठून सांगते, "मी तुमच्या पायांकडे पाहिलं, तरच माझं हो खरं धरा."

एकदा एकानं हसत विचारलं, "आन् नाई पाह्यलं तं?"

"तर ओरडून विचार," मी म्हटलं. मला हसू आलं नाही.