सुनंदाआक्कांची तीन टिंबं

सी भाषेत एखाद्या फंक्शनला किती आकडे द्यायचे हे आधी ठरलेलं नसेल, तर त्याच्या घोषणेत, म्हणजे ते काय काय घेणार हे आधी सांगणाऱ्या ओळीत, पहिल्या आकड्यापुढे तीन टिंबं देतात. ती देताना सुनंदाआक्का टेबलावर बोटानं तीनदा ठोकायच्या. "किती पाव्हणं येणार ठावं नसू दे गं, पण येणार हाईत एवढं तरी आधी सांगशील का न्हाय?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बेळगावातल्या एका कॉलेजच्या संगणक विभागात आम्ही दोघी शिकवायचो, शेजारी बसायचो. आक्का निपाणीच्या, बौद्ध कुटुंब, आईवडील तंबाखूच्या वखारीत राबलेले. त्या शिकून इथवर आल्या, हेच आमच्या विभागप्रमुखांना खुपायचं.

निकालाचा प्रोग्रॅम प्रमुखांचा. कुणाचे विषय पाच, कुणाचे सात. तरी बेरजेच्या फंक्शनला टिंबं नाहीत, घोषणाच नाही! सगळे गुण मेमरीत शेजारीशेजारी सापडतील, असं त्यांनी धरलेलं. जुन्या यंत्रावर सापडायचेही. नवं यंत्र येणार म्हणताच आक्कांनी बजावलं, "सर, तिथं आकडे दुसरीकडं ठेवतात. हे बदलाय पायजे."

"चालतंय ते चालू द्या. सवलतीवर आलेल्यांनी मला सी शिकवू नये," ते सगळ्यांसमोर म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

नव्या यंत्रावर निकाल लागला. वडगावच्या एका विणकराची हुशार मुलगी नापास. "बास झालं शिकणं, मागावर बस," बाप तिला फलकासमोरच म्हणाला. आक्कांनी तिथंच तिच्या गुणांची हातानं बेरीज केली आणि अख्खा निकाल फलकावरून उचकटून काढला.

"कुणाच्या परवानगीनं?" प्रमुख ओरडले.

"बेरीज चुकलीया! पोरींची शिक्षणं मोडाय लागलीत, आन् परवानगी कसली इचारताय?"

आक्कांनी फंक्शन नव्यानं लिहिलं. मुलगी प्रथम वर्गात पास झाली. आणि बक्षीस काय? आक्कांना बेशिस्तीचा मेमो, प्रमुखांना 'तत्पर दुरुस्ती'बद्दल शाल! आक्कांनी राजीनामा दिला आणि निपाणीला घरी गेल्या.

शालीच्या समारंभात हार घालायला नेमकी तीच मुलगी उभी केली होती. तिनं हार टेबलावर ठेवला आणि माइक ओढला. "चूक ह्यांची हुती. सुनंदा मॅडमनी धरली." कुणीतरी धावत जाऊन माइक बंद केला, पण सभागृहानं ऐकलं होतं.

मी निपाणीला जाऊन हे सांगितलं. वाटलं, आक्का हसतील. त्या ताडकन उठल्या.

"आन् तिला एकटीला सोडून आलीस व्हय? उद्या परीक्षेत तिला तरास दिला तर? घाल चप्पल. बेळगावची गाडी गाठू."